शिसं, पितळ, टंगस्टन

मी आर्गन वेल्डर आहे. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं स्टेनलेसचे पाइप जोडतोय. बायको आणि मुलगी गावी, देवगडच्या बाजूला. मी इथे कॅम्पच्या खोलीत, आणखी तिघांबरोबर. सहा दिवस तोंडावर काळी काच आणि सातव्या दिवशी, रविवारी, खाडीवर गरवायला. गळ टाकून मासे पकडण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. माझे वडील गरवायचे, आजोबाही गरवायचे. त्यामुळे ह्या एका बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं कधी वाटलं नव्हतं. वेल्डर म्हणून मी कधी मिरवलो नाही. पण खाडीवर मी स्वतःला कुणीतरी समजायचो.

आणि तसं समजणारा आणखी एक माणूस मला मिळाला होता. आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. यवतमाळकडचा, माझ्याच वयाचा, नऊ वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्या महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी तो माझ्या मागे मागे खाडीच्या दगडी बांधावर आला आणि दोन तास नुसता बसून राहिला. मी त्याच्या हातात माझी दोरी दिली. अर्ध्या तासाने त्याला वीतभर शेरी मासळी लागली. तो इतक्या जोरात ओरडला की पलीकडे बसलेला बंगाली उठून उभा राहिला. माशाच्या तोंडातून गळ काढायची त्याची हिंमत होईना. ती मी काढली. त्या दिवसापासून तो मला भाऊ म्हणायला लागला आणि पुढची आठ वर्षं त्याच्या दोरीची प्रत्येक गाठ मीच बांधली. त्याला जवळचं नीट दिसत नसे आणि चष्मा लावायची लाज वाटत असे. "तुझ्या हातची गाठ सुटत नाही भाऊ," असं म्हणून तो दोरी माझ्याकडे सरकवायचा. मला ते आवडायचं.

वजनंही आम्हीच बनवायचो. गळ तळाशी जायला दोरीला वजन लागतं, आणि आमचं वजन म्हणजे शिसं. वर्कशॉपच्या शेजारी एका पठाणाचं टायरचं दुकान आहे. चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात त्या शिशाच्या पट्ट्या तो डब्यात साठवून ठेवायचा आणि पंधरा दिवसांनी आम्हाला द्यायचा. मागच्या आवारात, वारा पाठीशी घेऊन, मी त्या लोखंडी भांड्यात वितळवायचो. वर जमलेली घाण चमच्याने काढायची आणि खालचं चांदीसारखं शिसं साच्यात ओतायचं. साचा मीच दोन लोखंडी ठोकळ्यांतून कोरला होता. ड्रायव्हर माझे हातमोजे घालून पकडीने तो धरायचा आणि दर वेळी म्हणायचा, "हे पाह्यलं की मले शाळा आठवते भाऊ." शाळेत असलं काही करत नाहीत हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

शिसं मऊ. ओतायला सोपं, दोरीभोवती चावून बंद करता येतं (चावू नये, पण आम्ही चावायचो). एकच दोष. आमचा बांध म्हणजे मोठमोठ्या दगडांचा ढीग, आणि शिशाची गोळी दगडांच्या फटीत गेली की तिथेच रुतून बसते. एका सकाळी सात-आठ गोळ्या जायच्या. आम्ही त्याचं कधी दुःख केलं नाही. घरचंच शिसं होतं.

इंजिनियर आला तो मागच्या हिवाळ्यात. नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे सहा वाजलेले. पांढऱ्या गाडीतून एक पस्तिशीचा माणूस उतरला. हातात एक पातळ काळा रॉड आणि फाइलएवढा प्लास्टिकचा डबा. आमचं बोलणं ऐकून हसत जवळ आला.

"मराठी? अरे वा! मी पुण्याचा. दुबईत सिलिकॉन ओएसिसला असतो, सॉफ्टवेअर इंजिनियर. इथे बसू का?"

बसा म्हटलं. बांध कुणाच्या बापाचा नव्हता. पण तो बसला ती जागा माझी होती. तिथून पाण्याखालचा एक सपाट दगड नेमका सापडतो. त्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणजे तक्रार करायलाही जागा नव्हती.

त्याने डब्यातून रबराचा एक जांभळा किडा काढला आणि गळाच्या टोकाला असा लावला की टोक रबरातच लपलं. गळाच्या वर दोरीत ओवलेलं एक वजन होतं, चिंचोक्याएवढं, पुढून निमुळतं. त्याने ते टाकलं आणि दोरीवर बोट ठेवून डोळे मिटल्यासारखा उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "वाळू." मग, "शिंपले." मग, "आता दगड आला."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी हसलो. तेवढ्यात इंजिनियरने रॉड वर खेचला आणि एक चांगला हामूर बाहेर आला. हामूर म्हणजे आमच्याकडचा गोबरा, दगडात राहणारा. त्याने माशाला पट्टीवर ठेवून मोजलं, "लहान आहे, नियमात बसत नाही," म्हणाला आणि परत पाण्यात सोडलं. ड्रायव्हरच्या तोंडून "अरे अरे" निघालं. सकाळभरात त्याने चार हामूर काढले, दोन सोडले, दोन ठेवले. त्याचं एकही वजन अडकून गेलं नाही. आमच्या सहा गोळ्या गेल्या.

"एवढुसं वजन तळाला जातं कसं?" ड्रायव्हरने विचारलं.

"हे शिसं नाही दादा, टंगस्टन आहे. शिशापेक्षा खूप घट्ट धातू. तेवढंच वजन, पण आकार निम्म्याच्या आसपास. आणि कडक असतं ना, त्यामुळे खाली काय लागलं ते थेट बोटाला कळतं. शिसं मऊ, ते सगळं स्वतःतच मुरवून टाकतं. मी अमेरिकेत होतो पाच वर्षं, तिकडे बास नावाच्या माशाच्या मागे लोक वेडे असतात. हे सगळं तिथे शिकलो. तिकडे काही ठिकाणी तर शिसं चालतच नाही, पाण्यातल्या पक्ष्यांना बाधतं म्हणून." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "काका, तुम्ही बघा ना हातात घेऊन."

मी काका आणि ड्रायव्हर दादा. आम्ही दोघे एका वयाचे. माझे केस पांढरे आहेत हे खरं, पण तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

मी ते वजन हातात घेतलं. थंड, लहान, आणि आकाराला न शोभेल इतकं जड. मी रोज सकाळी ग्राइंडरवर टंगस्टनलाच टोक काढतो. आर्गन वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये जी कांडी असते ती टंगस्टनचीच. चौदा वर्षं तो धातू माझ्या खिशात होता आणि आठ वर्षं मी दगडात शिसं गमावत होतो. हे मला सुचलं नव्हतं. संगणकावर काम करणाऱ्या एका माणसाला ते ठाऊक होतं. मी "हं, चांगलं आहे" म्हणून त्याला ते परत दिलं.

जाताना इंजिनियरने ड्रायव्हरला एक वजन भेट दिलं. त्याने मलाही पुढे केलं होतं. मी नको म्हटलं.

पुढच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. ड्रायव्हर आता बोटाने दोरी चाचपत "वाळू, शिंपले" म्हणायला लागला. त्याच्या तोंडी नवे शब्द आले. "भाऊ, याचा फील पाय ना." आमच्या नायलॉनच्या दोरीला कोकणात तंगूस म्हणतात, ते मीच त्याला शिकवलं होतं. तो आता तंगूसावर टंगस्टन असं म्हणून स्वतःच हसायचा. इंजिनियरही हसायचा. मी हसत नसे, हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मी ठरवलं की ह्या टंगस्टनला उत्तर द्यायचं. दुकानात त्याची किंमत विचारली होती. चारच्या पुडीला पस्तीस दिरहम, म्हणजे आठशेच्या वर रुपये. विकत घेणं म्हणजे हार मानणं, असं मी मनाशी धरलं. एक रविवार मी लोखंडी नट बांधून नेले. लोखंड कडक, आवाज करतं, पण हलकं. भरतीच्या ओढीने ते दगडावरून फरफटत जायचं, आणि डब्यात एका आठवड्यात सगळे नट गंजून एकमेकांना चिकटले. मग मी पितळेकडे वळलो. जुन्या वॉल्व्हच्या दांड्यातून लेथवर सहा सुबक गोळ्या काढल्या, पुढून निमुळत्या, पॉलिश मारून अगदी सोन्यासारख्या. प्रत्येकीच्या मागे काचेचा एक मणी ओवला. पितळ काचेवर आपटलं की टिक टिक वाजतं आणि मासा कुतूहलाने येतो, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

"क्या बात है काका!" इंजिनियर म्हणाला. त्याने ती गोळी खरोखर आनंदाने फिरवून फिरवून पाहिली. "ही तुम्ही केली? अशी फिनिशिंग तर दुकानात मिळत नाही. तिकडे जुने लोक पितळच वापरायचे, आवाजासाठी."

जुने लोक. तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याचा आणखी राग आला. त्या सकाळी माझ्या पितळेला काहीही लागलं नाही. पितळ शिशाहूनही हलकं, म्हणून गोळी मोठी, आणि मोठी गोळी फटीत जास्त अडकते. सहापैकी पाच गेल्या. ड्रायव्हरने दोन हामूर काढले. दुसरा काढताना तो "साहेब, साहेब, पाहा!" असं ओरडला. आठ वर्षं तो "भाऊ" असं ओरडत आला होता.

जानेवारीत एका रविवारी मला ओव्हरटाइम लागला. शारजातल्या एका साइटवरून अर्जंट काम आलं होतं. दुपारी जेवताना फोन उघडला तर ड्रायव्हरच्या स्टेटसला फोटो. मागे डोंगर, निळं खोल पाणी, ड्रायव्हरच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत पोचणारा हामूर, आणि बाजूला इंजिनियर, त्याचा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर. पलीकडच्या किनाऱ्यावर, फुजैराला गेले होते. मला सांगितलं नव्हतं.

मी तो फोटो किती वेळा उघडला ते सांगायला लाज वाटते. मासा मोठा होता म्हणून नाही. ड्रायव्हर ज्या पद्धतीने हसत होता, ते हसू मी त्याला पहिला मासा लागला त्या दिवशी पाहिलं होतं आणि ते माझं आहे असं धरून चाललो होतो. बायको कधी दुसऱ्याशी हसून बोलली तरी मला असं झालं नव्हतं. संध्याकाळी तो खोलीवर मासा घेऊन आला, म्हणाला, "भाऊ, तुझ्यासाठी डोकं ठेवलंय, कालवण कर." मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

मी जे केलं ते फेब्रुवारीत.

रविवारी सकाळी तिघे बांधावर होतो. भरती नुकतीच लागली होती. ड्रायव्हरने नेहमीसारखी दोरी माझ्याकडे सरकवली, आता ती इंजिनियरने वापरायला दिलेल्या रॉडची होती. इंजिनियरने दिलेलं वजन ओवलेलं होतं, गळ बांधायचा होता. मी गाठ बांधली. नीट बांधली, कारण वाईट गाठ बांधायला माझे हात तयार होईनात. मग गाठीच्या वर, जिथे वजन बसतं तिथे, दोरीची उरलेली शेपूट कापायच्या निमित्ताने मी ब्लेड एकदा टेकवलं. अर्धी दोरी कापली गेली. वजन खाली सरकवून मी ती जागा झाकली आणि रॉड त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "देव भलं करो भाऊ."

माझ्या मनात एवढंच होतं की ते वजन जावं. त्या वेळी मी स्वतःला असं सांगितलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी त्याला मासा लागला. रॉड पाण्यापर्यंत वाकला. तसा मासा आमच्या बांधावर मी चौदा वर्षांत पाहिला नव्हता. दोनदा तो वर आला, पाण्याखाली तपकिरी पाठ दिसली, आणि ड्रायव्हर बोलत होता, स्वतःशी, माशाशी, मला कळत नव्हतं कुणाशी. इंजिनियर जाळी घेऊन खालच्या दगडावर उतरला. "दादा, हळू, हळू, येतोय." मी उभा होतो. त्या वेळी मी ओरडून सांगू शकलो असतो की जोर लावू नकोस. सांगितलं नाही. मग दोरी तुटली. आवाज अगदी लहान आला.

ड्रायव्हर खाली बसला. रॉड मांडीवर, दोन्ही हात तसेच. तो रडला वगैरे नाही. फक्त म्हणाला, "गेला."

इंजिनियर वर आला आणि त्याने दोरीचं टोक दोन नखांत धरून उजेडाकडे केलं. तंगूसाची दोरी ताणून तुटली की टोक पिळून बारीक होतं. दगडावर घासून तुटली की खरबरीत होतं. ह्या टोकाचा अर्धा भाग पिळलेला होता आणि अर्धा सपाट, स्वच्छ. तो बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद असतील. माझ्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं.

"टंगस्टनच्या भोकाला कधी कधी धार असते," तो ड्रायव्हरला म्हणाला. "ती दोरी कापते. मी तपासून द्यायला हवं होतं. चूक माझी आहे दादा."

"तुमची काय चूक साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

मी वाट बघत होतो की तो मला बाजूला घेऊन काही बोलेल. बोलला नाही. निघताना "येतो काका" म्हणाला, रोजच्यासारखं. त्याने मला उघडं पाडलं असतं तर भांडायला तरी जागा मिळाली असती. आता त्याच्याकडे चांगली गाडी होती, घर होतं, रोज घरी भेटणारी बायको होती, टंगस्टन होतं, आणि वर हा मोठेपणाही त्यालाच मिळाला होता.

पुढचे काही दिवस मला वेल्डिंग नीट जमेना. दोन जोड एक्स-रेमध्ये फेल गेले आणि फोरमन, जो कधी आवाज चढवत नाही, म्हणाला, "क्या हुआ तुझको? घर में सब ठीक?" मी ठीक म्हणालो. त्याच दिवशी मी त्याला विचारलं की वापरून छोट्या झालेल्या कांड्या मी घेऊ का. "कचरा है, ले जा. खलास," तो म्हणाला.

टंगस्टनच्या कांडीचा शेवटचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा टॉर्चमध्ये धरता येत नाही. तो डब्यात पडतो. लाल रंगाच्या टोकाच्या कांड्या मी घेतल्या नाहीत, त्यांची धूळ फुप्फुसाला वाईट. राखाडी आणि सोनेरी निवडल्या. टंगस्टन वितळवायचं आमच्या बापजन्मात शक्य नाही, आणि लेथवर ते हत्यारच मोडतं. म्हणून मी दुसरी वाट काढली. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा मधोमध, त्याभोवती सारख्या लांबीच्या सहा कांड्या, आणि सगळं पितळेच्या पातळ नळीत घालून एपॉक्सीने भरलेलं. दोरी रिफिलमधून जाते, धातूला लागतच नाही, त्यामुळे कापली जायचा प्रश्न नाही. पहिलं वजन पूर्ण झालं तेव्हा ते हातावर घेऊन मी बराच वेळ बसलो. करंगळीच्या दोन पेरांएवढं, आणि वजनदार. जेवणाच्या सुट्टीत बसून महिनाभरात मी अशी सात-आठ वजनं केली.

एप्रिल सुरू झाला होता. एका दुपारी चारच्या सुमारास ड्रायव्हर बस धुवायला घेऊन निघाला. मी नेहमीसारखा शेजारी बसलो. कागदात बांधलेली वजनं त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने एक काढून तोललं.

"हे तू केलं? टंगस्टन?"

"हो."

"भाऊ, तू तर साहेबाच्या वरताण!"

हेच ऐकायला मी महिनाभर राबलो होतो. आणि ऐकल्यावर मला राहवलं नाही.

"त्या दिवशी तुझी दोरी आपसूक तुटली नव्हती. मी कापून ठेवली होती."

"काय?"

"गाठ बांधताना. ब्लेडने. वजन बसतं तिथे."

त्याने बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एसी थांबला. "काहून?"

"तू त्याच्याबरोबर फुजैराला गेलास. मला सांगितलं नाहीस."

"तुले ओव्हरटाइम होता."

"तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतं मले?" तो सरळ समोर बघत बोलत होता. "दोन महिने तुझं तोंड पाह्यतोय मी. मले वाटलं घरी काही झालं. मी तुया घरच्या नंबरवर फोन करणार होतो." मग म्हणाला, "त्या साहेबानं मले तीनदा सॉरी म्हटलं. तीनदा. आन् तू ऐकत बसला."

त्याने बटण दाबून बसचं दार उघडलं.

"उतर."

"अरे, इथे कुठे..."

"उतर खाली."

मी राउंडअबाउटपाशी उतरलो. कॅम्प तिथून दोन-अडीच किलोमीटर. एप्रिलचं ऊन, एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला भंगाराच्या गाड्या. वजनांचा कागद त्याने खिडकीतून बाहेर फेकला नाही. मी सारखं हेच मनात घोळवत चाललो होतो, की फेकला नाही.

तो अठरा दिवस माझ्याशी बोलला नाही. एकाच मेसमध्ये जेवायचो, एकाच बसने जायचो. मी दारातून चढताना तो आरशात बघायचा. रविवारी तो आणि इंजिनियर बांधावर जायचे आणि मी खोलीवर बसून कपडे धुवायचो. धुतलेलेच परत धुवायचो.

एकोणिसाव्या दिवशी तो माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाला, "उद्या चल. ऊन वाढलं की सकाळचे दोन-तीन तासच मिळतात." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी बांधावर त्याने खिशातून एक चष्मा काढला, काळ्या फ्रेमचा, नवा, आणि नाकावर चढवला. मग स्वतःची गाठ स्वतः बांधली. बराच वेळ लागला. जीभ दातांत धरून, दोनदा सोडून परत बांधली. मी हात पुढे केला होता. तो न बघताच "जमते मले" म्हणाला. त्यानंतर आजपर्यंत त्याने गाठ माझ्याकडे दिलेली नाही. त्याने मला माफ केलं असं सगळे म्हणतील, आणि केलंही असेल. पण ती गाठ मी गमावली.

माझी वजनं तो वापरतो. इंजिनियरचीही वापरतो. कधी कुठलं लावायचं हे ठरवताना तो डब्यात बोट फिरवतो, आणि मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न करतो.

इंजिनियरला त्याने खरं काय ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. इंजिनियरने कधी विषय काढला नाही. मी मात्र एकदा काढला. मागच्या महिन्यात ड्रायव्हर दोन महिन्यांच्या सुट्टीवर यवतमाळला गेला, आणि त्या रविवारी बांधावर आम्ही दोघेच होतो, मी आणि तो. पहिला तासभर दोघांनी आपापले गळ सांभाळले. मग मी म्हणालो, "ते दोरीचं... तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

त्याने रीळ गुंडाळली. "खरं सांगू का काका? तुमच्याशी वाकडं झालं तर दादापण यायचा बंद होईल, ही भीती वाटली. आठ वर्षं झाली मला ह्या देशात. ऑफिसातले लोक ऑफिसपुरते. मुलीशी मराठीत बोललो तर ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. रविवारी कुणी फोन करून 'येता का' म्हणून विचारावं असं इथे दुसरं कुणी नाही. तुम्ही दोघं एका ताटात जेवता, एकमेकांवर चिडता. मला तुमचा हेवा वाटायचा."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतकं बरं मला पितळेच्या गोळ्यांचं कौतुक ऐकूनही वाटलं नव्हतं. पांढऱ्या गाडीचा माणूस कॅम्पातल्या खाटेचा हेवा करतो, हे मी मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग थोडी शरम वाटली. डब्यातून माझी दोन वजनं काढून त्याला दिली आणि म्हटलं, "ही घ्या. आणि मला काका म्हणू नका. मी दादाएवढाच आहे."

"अरे! सॉरी," तो म्हणाला आणि मोकळा हसला. त्यानंतर तो मला काय म्हणावं ह्या गोंधळात काहीच म्हणत नाही. तेही एका परीने अडचणीचंच झालंय.

नऊ वाजता ऊन चटके द्यायला लागलं तसं आम्ही सामान आवरलं. त्याच्या बादलीत एक हामूर होता, माझ्या बादलीत एक शेरी. गाडीकडे चालताना तो म्हणाला, "काल रात्री दादाचा फोन होता. तिकडे पाऊस लागलाय म्हणे. बांधावर कोण येतं, काय लागतं, सगळं विचारत होता."

"मलाही आला होता," मी म्हणालो. चार पावलं गेल्यावर राहवलं नाही. "तुम्हाला किती वाजता आला?"

"आठच्या आसपास असेल. का?"

"काही नाही, असंच."

मला सात चाळीसला आला होता.